भात झाला की आई

हिराबायच्या अंगणवाडीत घड्याळ होतं, पण ते बंद होतं. काचेवर पोरांपैकी कुणीतरी कागदाचा पापलेट चिकटवला होता आणि तो काढायची कुणाला गरज वाटली नव्हती. पहिल्या दिवशी मी त्या पापलेटाकडे बघतच विचारलं, "बाई, न्यायला किती वाजता येऊ?"

"भात झाला का ये."

"म्हणजे किती वाजता?"

"भात होल तवा," असं म्हणून ती खाली वाकली आणि माझ्या साडीत रुतलेली आरूची बोटं सोडवू लागली. ओढाओढ नाही. एक बोट, मग दुसरं, मग तिसरं, जाळ्यात अडकलेली बारीक मासळी सोडवतात तसं. ते करताना ती आरूला सांगत होती, "आधी खेल, मग हात, मग भात, मग आई. ऐकलास ना गो? आधी खेल, मग हात, मग भात, मग आई."

आरू म्हणजे माझी आरोही, तेव्हा तीन वर्षांची. ती रडलीच. मी बाहेर पडले आणि भिंतीच्या आडोशाला थांबले. आतून तिचा आवाज येत होता आणि माझे पाय निघत नव्हते. थोड्या वेळानं खिडकीतून हिराबायचं डोकं बाहेर आलं.

"गेली नाय व्हय तू अजून? जा. तू हितं उभी हायस हे तिला कलतंय. आईचा वास भिंतीतना जातो."

मी गेले. रस्ताभर पदरानं तोंड पुसत गेले.

थळला आम्ही नवीन होतो. आरूच्या पप्पांना कंपनीत ठेकेदाराकडं पाइपाचं काम लागलं होतं, म्हणून जालन्याकडचं गाव सोडून आलो. चाळीतली एक खोली, शेजारी सगळे कोळी आणि आगरी, बोलणं अर्धं कळायचं, अर्धं नाही. मला समुद्रकिनाऱ्यावरच्या कॉटेजमध्ये खोल्या झाडायचं, चादरी बदलायचं काम मिळालं. मी सातवीपर्यंतची. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे आणि मला आजीपाशी ठेवायचे. दिवाळी झाली की ट्रक यायचा, उन्हाळ्यात परत यायचे. कधी येणार ते कुणी सांगायचं नाही, कारण कुणाला माहीत नसायचं. आजी गेली आणि मग मीही कोयता धरला. शाळा सुटली ती सुटलीच. एवढंच सांगून माझं पुरे करते. हे यासाठी सांगितलं, की आरूला सोडून जाताना मला नुसतं तिचं रडू ऐकू यायचं नाही, माझंही यायचं.

हिराबाय पन्नाशी ओलांडलेली. उंच, रुंद, पायाचे पंजे मोठे, चालताना चपला फटफट वाजायच्या, म्हणून ती त्या फाटकापाशीच काढून ठेवायची. डाव्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा आणि उजवा हात मोकळा. मला आधी वाटलं, काहीतरी नवस असेल. विचारलं तर म्हणाली, "या हातानं पोरांना थोपटतं मी. बांगरी वाजली का झोपलेला पोर उठतं." गावात सगळे तिला हिराबायच म्हणायचे, म्हातारेकोतारे आणि तीन वर्षांची पोरंही. ती रागवायची नाही. "मॅडम" म्हटलं की मात्र मागं वळून बघायची, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

तिचा निम्मा दिवस जमिनीवर जायचा. एवढी मोठी बाई चटईवर पालथी झोपून पोरांच्या तोंडाला तोंड लावून बोलायची. भिंतीवरची फळांची, प्राण्यांची चित्रं तिनं इतकी खाली लावली होती की आम्हा बायांना वाकून बघावी लागायची. ती म्हणायची, "तुम्हाला आंबा म्हाईत हाय ना? मग तुम्हाला कनाला बघायचाय?"

खेळ तिच्याकडं खेळासारखा नसायचा. पोरं बाजार मांडायची. शिंपल्या म्हणजे कोलंबी, आंब्याचं पान म्हणजे बांगडा, नारळाच्या करवंटीत पाणी म्हणजे कालवण. हिराबाय पिशवी घेऊन खरेदीला यायची आणि खरोखरीची भांडायची.

"हा बांगरा कालचा हाय."

"नाय, आजचा हाय," चार वर्षांचा विक्रेता.

"डोला बघ त्याचा. पांढरा परलाय."

पोरगं पानाकडं निरखून बघायचं, पानाला डोळा शोधायचं, मग म्हणायचं, "बर्फातला हाय." तेव्हा ती हार मानायची. घरी मी हे सांगितलं तर आरूचे पप्पा हसले. म्हणाले, "म्हणजे पोरं तिथं नुसती खेळतात?" मी हिराबायला भीतभीत तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला दारातच थांबवलं आणि एका पोराला म्हणाली, "या बाईला अर्धा वाटा कोलंबी दे." त्यानं सहा शिंपल्या काढल्या, तीन मला दिल्या, तीन परत ठेवल्या आणि म्हणाला, "पिशवी आनलीस?" मी निमूट पदर पुढं केला.

आरू मात्र बाजारात बसायची नाही. तिला ते पान पान दिसायचं. आमच्या गावात बाजार म्हणजे वांगी, शेपू, मिरच्या. तिला मासळीचा वास सहन व्हायचा नाही, चाळीतल्या वळचणीला सुकट टांगलेली असायची त्यानंच तिला उलटी यायची. आणि ती खात नव्हती. घरी दोन घास, अंगणवाडीत तोही नाही. डावातला भात बघून तोंड फिरवायची. आमच्याकडं भात सणासुदीचा. लेकरू भाकरीवर वाढलेलं.

मी हिराबायला म्हणाले, "तुम्ही जरा तिला जबरदस्तीनं भरवा ना. खा म्हणून दटावा."

"ते मना नाय जमत," ती म्हणाली.

खरंच तिला जमत नव्हतं. ‘खा’ हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. न खाणाऱ्या पोराला ती काम द्यायची. आरूला दिलं वाल सोलायचं. रायगडात वालाचं मोठं कौतुक. हिराबाय घरून भिजवलेले, मोड आलेले वाल टोपलीतून आणायची, आणि पोरं गोल करून बसायची. दोन बोटांत दाणा धरून दाबला की साल बोटात राहते आणि आतला दाणा टुणकन उडतो. कधी शेजाऱ्याच्या केसांत, कधी हिराबायच्या पाठीवर. ज्याचा दाणा लांब जाईल त्याचं नाव घेऊन ती ओरडायची, "हा गेला मांडव्याला. याचा गेला अलिबागला." सोललेल्या वालाला तिथं डाळिंबी म्हणतात. तीच दुपारी उसळीत पडायची, कांदा, नारळ, आणि हिराबायच्या परसातला शेवग्याचा पाला ओंजळभर. आरू खाली मान घालून दाणे उडवायची, मग सगळ्यांसमोर ताटं मांडायची, आणि स्वतः रिकाम्या ताटापुढं बसायची. हिराबाय त्या ताटात भाताचं एक शीत आणि उसळीचा एक दाणा ठेवायची. ‘घे’ही म्हणायची नाही. जेवण झालं की ते शीत आणि तो दाणा उचलून कावळ्याला घालायची, जणू तेच ठरलं होतं.

मला मात्र झोप लागत नव्हती. नर्सबाई आल्या तेव्हा झोळीच्या काट्याला बसवून पोरांचं वजन झालं. हिराबायनं त्याचाही झोका केला होता, पोरं रांगेत भांडत होती. आरूचा काटा जिथं थांबायला हवा होता त्याच्या अलीकडंच थांबला. नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "लक्ष द्यायला पाहिजे." त्या रात्री आरूच्या पप्पांनी गावी फोन लावला. पलीकडं माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. फोन स्पीकरवर होता म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"पाठवून द्या लेकराला. इथं भाकर हाय, दूध हाय, मी हाय. तिथं काय खातंय ते, मासोळ्या?"

आरूचे पप्पा फोन ठेवून म्हणाले, "दिवाळीला आई येणारच आहे. तोवर जर हिचं अंग धरलं नाही तर आईसोबत देऊ. शाळेत घालायच्या वेळी आणू परत."

ते चिडून बोलले नव्हते. त्यांनाही लेकीची काळजीच होती. पण शाळेत घालायच्या वेळी म्हणजे तीन वर्षं. मला माझ्या आजीचं अंगण दिसलं आणि ट्रक गेल्यानंतरची धूळ दिसली. मला वेळेवर बोलता येत नाही, नंतर येतं.

दुसऱ्या दिवशी आरूला सोडताना मी हिराबायपुढं रडले. ती चूल पेटवायच्या घाईत होती. म्हणजे गॅसच होता, पण ती चूलच म्हणायची. तिनं एवढंच विचारलं, "तुमच्याकं काय खातान?"

"ज्वारीची भाकर."

"मग असा सांगायचा ना."

पुढं काय झालं ते मला मदतनीस रंजनानं सांगितलं, हसून हसून तिला बोलवत नव्हतं. हिराबाय अलिबागच्या बाजारातून ज्वारीचं पीठ घेऊन आली. तिकडं तांदळाची भाकरी करतात ती उकडीची. पाणी उकळायचं, त्यात पीठ टाकायचं, झाकण ठेवायचं, मग मळायचं. हिराबायनं आयुष्यभर तशाच भाकऱ्या थापल्या होत्या आणि ज्वारीचंही तिनं तेच केलं. पातेल्यात जे तयार झालं त्याला भाकरीचं पीठ म्हणता येईना. चिकट गोळा, अर्धा पातेल्याला, अर्धा हिराबायच्या हातांना. चुड्यात पीठ, कपाळाला पीठ. तरी तिनं तो तव्यावर लोटला. तो तव्यावरच बसला, ना फुगतो ना उलटतो. रंजना म्हणाली, "हिराबाय, हा भिंतीला लावा, पानी गलायचा बंद व्हईल."

आरू ताटं मांडत होती. ती ताटं तशीच ठेवून आली, कमरेवर हात ठेवून तव्याकडं बघितलं आणि म्हणाली, "असी न्हाई."

अंगणवाडीत आल्यापासूनचे तिचे हे पहिले शब्द. हिराबायनं मागं वळून न बघता, जणू रोजचंच बोलणं, विचारलं, "मंग कशी?"

"गार पाणी." आरू परातीपुढं उकिडवी बसली आणि फरशीवरच दोन्ही पंजे थपथप मारून हात फिरवून दाखवू लागली. "आजी असं करती. असं. मग पाणी लावती वरून."

हिराबायनं परातीत कोरडं पीठ घेतलं, गार पाणी घातलं आणि एक गोळा आरूपुढं ठेवला. आरूनं थापली ती भाकर तळहाताएवढी, एका बाजूला जाड, दुसरीकडं बोटांची भोकं. हिराबायनं ती तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. भाजली. मग तुकडे करून सगळ्या पोरांना वाटले आणि उरलेला कडेचा तुकडा आरूच्या ताटात ठेवला. रंजना सांगायची, आरूनं आधी सगळ्यांच्या तोंडांकडं बघितलं, कोण कसं चावतंय ते. मग स्वतःचा तुकडा डाळिंबीच्या उसळीत बुडवला.

मी न्यायला गेले तेव्हा हिराबाय कोपरापर्यंत हात धूत होती. "तुझ्या पोरीनं मना आज नापास केला," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर नापास झाल्याचं काही दिसत नव्हतं.

त्यानंतर पोरांच्या बाजारात भाकरीचं दुकान आलं. ओल्या वाळूच्या भाकऱ्या, थपथप आवाज, आणि बांगड्याच्या बदल्यात भाकर. हिराबाय आरूला भाकरवाली म्हणू लागली. भाकर रोज नसायची. पण एकदा तोंड उघडल्यावर भाताचं शीत कावळ्यापर्यंत पोचेना.

हिराबायच्या त्या ‘खेल, हात, भात, आई’ या चार शब्दांचं मला तेव्हाही पुरतं कळलं नव्हतं. कळलं ते मला उशीर झाला त्या दिवशी. कॉटेजमध्ये शनिवारची गर्दी, जादा खोल्या, त्यात परत येताना वाटेत सहाआसनी बंद पडली. मी पळत निघाले. डोळ्यांपुढं एकच, रिकामी अंगणवाडी आणि दारात हुंदके देणारी आरू. इतर आया आपापली पोरं घेऊन परतताना मला वाटेत भेटत होत्या. म्हणजे भात झाला होता. ‘मग आई’ मध्ये आई नव्हती.

खिडकीपाशी पोचले आणि थबकले. आत फक्त आरू आणि हिराबाय, दोघी जमिनीवर, मध्ये आरूचं ताट. ताटाच्या काठावर भाताची शितं एका रांगेत लावलेली. हिराबाय चटईवर पालथी, बोटानं एकेक शीत पुढं सरकवत होती.

"हा कुनाचा?"

"चिमणीचा." आरू ते बाजूला ठेवायची.

"हा?"

"रंजनाचा."

"आनि हा?"

"माझा," आणि ते तोंडात.

"चटईखाली बघ गो एखादा सांडलाय का. भात टाकायचा नाय." दोघी चटई उचलून शोधू लागल्या. हिराबायला वाकवत नव्हतं, एक हात कमरेवर होता. तिनं मला बघितलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. ताटातलं शेवटचं शीत पुढं सरकवून ती म्हणाली, "आता हा तुझा. झाला भात."

आरूनं ते खाल्लं, हात पुसले आणि दाराकडं बघितलं. मी दारात होते.

तिच्या लेखी मला उशीर झालाच नव्हता. ती नेहमीसारखी आली, माझा पदर धरला आणि भाकरीच्या दुकानाचं सांगू लागली.

मी हिराबायची माफी मागायला लागले तर ती म्हणाली, "मी त्यांना शबूद दिलाय गो. भात झाला का आई. तू आधी आलीस तरी मी खोटी, उशिरा आलीस तरी मी खोटी. आज माझी कंबर गेली शितं शोधताना." मग फाटकापर्यंत आली, चपला पायात घालत जरा थांबून म्हणाली, "मी लहान व्हती तवा बापाची वाट बघत बंदरावर बसायची. बोट कवा येल ते कोनी सांगायचा नाय. सांगनार तरी कोन? पन पोराला कायतरी सांगाला लागतं. म्हून."

हिराबायची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट मला एवढीच माहीत आहे.

दिवाळीच्या आधी वजन झालं. काटा सरकला होता, पण सासूबाई निघाल्या होत्या. दिवाळी झाली, फराळ झाला, आणि त्यांच्या पिशवीशेजारी आरूची कपड्यांची पिशवी भरून तयार झाली. मीच भरली. आरूचे पप्पा म्हणाले, "वजन वाढलंय, खरं आहे. पण आई एवढ्या लांबून आली आहे. तीच ठरवील." एसटी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. मी कामावर गेले. चादरी घडी करताना सारखी चुकत होते.

त्या दिवशी आत्याबाई आरूला आणायला लवकरच गेल्या, हेही मला नंतर रंजनानंच सांगितलं. नातीला बांगड्या घ्यायच्या म्हणून. हिराबायनं त्यांना दारातच अडवलं.

"आजी, भात व्हायचाय."

"मी आजी हाय तिची. उद्या घेऊन चाललेय मी तिला."

"न्या की. पन भात झाल्यावर." आणि मग हिराबायनं त्यांच्यापुढं परात ठेवली. "तवर एक काम करा. तुमच्या नातीनं माझी सगल्या गावात अब्रू घालवलीय. या ज्वारीचा कसा करतान ते शिकवून जा."

आत्याबाईंना भाकरी शिकव म्हटलं की त्या कुणाचंही ऐकतात. बसल्या. त्यांनी गार पाण्यात पीठ मळलं, थापली, आणि हिराबायच्या हातांकडं बघून म्हणाल्या, "एवढे मोठे हात देवानं दिलेत बाई तुला, आन भाकर पुरीएवढी करायलीस?" पोरं गोळा होऊन बघत होती. आरू आजीशेजारी बसून हिराबायला सांगत होती, "आता पाणी. आता उलट." दोघींच्या मध्ये ती दुकानदारासारखी होती. त्या दिवशी आजीच्या भाकऱ्या पोरांना पुरल्या, भात थोडाच लागला. आत्याबाईंनी पहिल्यांदा नातीला स्वतःच्या हातानं जेवताना बघितलं, दोन्ही गाल भरलेले.

मी नेहमीच्या वेळी रस्ता ओलांडत होते, समोर अंगणवाडीचं दार उघडंच होतं. भात नुकताच झाला असावा. आरू उठली, हात धुतले आणि दाराकडं निघाली. आत्याबाईंनी तिला घ्यायला हात पसरले होते. आरू त्या हातांखालून वाकून पुढं गेली, रागानं नाही, वाटेत खांब असावा तशी. उंबऱ्यावर येऊन तिनं रस्त्याकडं बघितलं. मी दिसताच तिनं मागं वळून आजीला शांतपणे सांगितलं, "आजी, भात झाला. आई आली."

आत्याबाईंचे हात तसेच राहिले. मग त्यांनी ते पदराला पुसले.

त्या थेट घरीच आल्या. बांगड्याही घ्यायच्या राहिल्या. रात्री आरू झोपल्यावर आत्याबाईंनी तिची पिशवी ओढून घेतली आणि एकेक कपडा काढून परत दांडीवर टाकू लागल्या. आरूचे पप्पा म्हणाले, "काय झालं आई?"

"ऱ्हाऊ दे लेकराला हितंच."

"तूच तर म्हणत होतीस."

"व्हय, म्हणत होते. भाकर देईन मी, दूध देईन." त्यांनी आरूचा पिवळा फ्रॉक झटकला. "भात झाल्यावर आई कुठून आणू?"

सकाळी त्या एकट्याच एसटीत बसल्या. खिडकीतून मला म्हणाल्या, "त्या बाईला म्हण, पीठ जुनं असलं की मात्र गरम पाणी घ्यायचं. ते सांगायचं राहिलं." मी सांगितलं. हिराबाय म्हणाली, "म्हंजे मी तेवरी काय चुकली नव्हती."

पुढं थळचं काम संपलं आणि आरूच्या पप्पांना माणगावच्या बाजूला काम लागलं. आता आम्ही तिथंच आहोत. आरू शाळेत जाते, दुसरीत आहे, वाल अजून लांब उडवते. मला अजून साध्यासाध्या गोष्टींची धास्ती वाटते. बँकेत जायचं, शाळेतल्या सभेत उभं राहायचं, कामावरून आलेला फोन उचलायचा. तेव्हा मी मनात रांग लावते. आधी हे, मग हे, मग हे. शेवटी काहीतरी असं ठेवते जे नक्की आहे. बहुतेक वेळा ती आरूच असते. आता तिची वाट मी बघते, म्हणजे उलटंच झालं.

निघालो त्या दिवशी सामानाचा टेम्पो अंगणवाडीसमोर उभा होता. आरूला मी शेवटच्या दिवशीही सोडलं होतं, ती ऐकेना. ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. हिराबाय डाव हातात घेऊनच फाटकाबाहेर आली.

"काय रे, कवाचा कोकलतोस? भात व्हायचाय आमचा."

"बाई, मला माणगावला पोचायचंय."

"उपाशी जाशील? ये, बस."

तो बसला. एवढा मोठा माणूस पोरांच्या रांगेत मांडी घालून. आरूनं त्याच्यापुढं ताट मांडलं. भात आणि डाळिंबीची उसळ. त्यानं दोनदा मागून घेतलं आणि पुन्हा घाईचं काढलं नाही.

भात झाला. आरूनं हात धुतले, दाराशी आली, मला बघितलं. हिराबायनं तिच्या टाळूचा वास घेतला, प्रत्येक पोराचा घ्यायची तसाच, आणि सोडलं. मला बोलायचं होतं. नेहमीसारखंच वेळेवर काही सुचलं नाही. मी वाकून पाया पडायला गेले तर ती म्हणाली, "वाट सोर गो, पोरांना जाऊ दे." एकेक आई आली आणि एकेक पोर बाहेर पडलं.

टेम्पोत चढल्यावर मी मागं वळून बघितलं. दार उघडंच होतं. आत सगळं आवरलेलं, चटया गुंडाळलेल्या, फक्त एक अंथरलेली. तिच्यावर एक लहानगी बसली होती. नवीन असावी, मी तिला आधी बघितलं नव्हतं. तिची आई अजून आली नव्हती. हिराबाय तिच्यासमोर पालथी झोपली होती, तो बांगडी नसलेला हात पुढं करून, ताटाच्या काठावर काहीतरी लावत होती.

टेम्पो सुरू झाला. आरूनं खिडकीतून जोरात हाक मारली, "हिराबाय."

तिनं वर बघितलं नाही. ताटात शितं थोडीच उरली असणार.